पेडल नंतर, कान आधी

"दादा, तुमच्यासारखा आवाज यायला कोणतं पेडल घेऊ?"

मूर्तिजापूर असो, कारंजा असो की दर्यापूर, कार्यक्रम संपून वायरी गुंडाळायला घेतल्या की एखादा पोरगा हा प्रश्न घेऊन स्टेजजवळ येतोच. लग्नातले ऑर्केस्ट्रा, भीमजयंतीचे मंच, गणपतीचे मंडप, कधी भजनी मंडळाची साथ, असं सगळीकडे मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि उरलेल्या वेळात घरी पोरांना शिकवतो. पेडलचं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे. पण पोराचे पैसे जातील आणि आवाज आहे तसाच राहील, हे मला ठाऊक असतं. म्हणून स्टेजजवळ जे सांगायला सवड मिळत नाही, ते इथे क्रमाने लिहितो.

१. वाजवणाऱ्याआधी गाणारा ऐका

गिटार शिकणारे फक्त गिटारवाल्यांनाच ऐकतात. त्याने बोटं पळायला लागतात, पण वाक्य कुठे संपवायचं ते कळत नाही. गाणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो. गिटारवाल्याला तशी अडचण नाही, म्हणून तो थांबतच नाही.

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे गझलगायक भीमराव पांचाळे ऐका. मिसरा एकदा सरळ येतो. मग थांबा. मग तोच मिसरा दुसऱ्या वळणाने येतो आणि शेर पुरा होईपर्यंत ऐकणारा ताटकळतो. चांगला सोलो असाच बांधलेला असतो. मी विद्यार्थ्यांना गझलेची एक ओळ देतो आणि गिटारवर ती म्हणायला सांगतो. गायक जिथे श्वास घेतो, तिथे पिक तारेवरून उचलायचा.

इंग्लंडचा गिटारवादक जेफ बेक हा याचा मोठा दाखला. नितीन सॉहनीच्या १९९९ सालच्या 'बियाँड स्किन' या अल्बममध्ये 'नादिया' नावाचं गाणं आहे, लंडनमध्ये राहणाऱ्या स्वाती नाटेकर यांनी गायलेलं. जेफ बेकने ते २००१ मध्ये गिटारवर वाजवलं. गळ्यातल्या जागा, मुरक्या, सुरावर येण्याआधीची ती बारीक सरक, सगळं त्याने तारेवर उतरवलं. रॉकमधला एवढा मोठा माणूस हिंदुस्थानी गळा गिरवत बसतो आणि आपण त्याच्या पेडलांची यादी शोधत बसतो! ब्रिजभूषण काब्रा यांची स्लाइड गिटार तर आपल्या घरचीच. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' काढा आणि शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यामध्ये गिटार कशी गाते ते ऐका.

२. एकच तुकडा महिनाभर धरा

'कर्ज' (१९८०) मधल्या 'एक हसीना थी'ची गिटारची धून वाजवली नाही, असा गिटारवाला आपल्याकडे सापडायचा नाही. ती वाजवली गोरख शर्मा यांनी. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे ते भाऊ. पोरं ही धून एका संध्याकाळी बसवतात आणि 'येते' म्हणतात. मी म्हणतो, सूर आले, धून अजून यायची आहे.

माझ्याकडे त्यातला पहिला लांब सूर आधी एकटाच वाजवावा लागतो. चार गोष्टी ऐकायच्या. सूर सुरू कसा झाला, पिकचा टणका आला की सूर अलगद उमटला? किती टिकला? कंप लगेच आला की सूर आधी स्थिर उभा राहून मग हलला? आणि संपला कसा, आपोआप विरला की बोटाने थांबवला? कंपासाठी तर्जनीचं मूळ नेकच्या खालच्या कडेला टेकवायचं आणि मनगट फिरवायचं. नुसतं बोट थरथरवलं की कंप घाबरल्यासारखा येतो. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ धून आणि आपली धून लागोपाठ ऐकायची. त्या वेळी गुरुजी जवळ असायची गरज नाही, कान सगळं सांगतो.

वेग मात्र आमच्या शकुंतला रेल्वेचा ठेवा. मूर्तिजापूरहून यवतमाळ ११३ किलोमीटर, पण ही नॅरोगेजची गाडी अशी जायची की खिडकीतून प्रत्येक स्टेशनाची पाटी वाचून व्हायची. रियाजात प्रत्येक सुराची पाटी तशी वाचता आली पाहिजे.

३. ओढलेला सूर तपासून घ्या

बेंड म्हणजे तार ओढून सूर चढवणं. दहापैकी आठ पोरांचा बेंड उतरलेला असतो. डिस्टॉर्शनच्या गोंगाटात त्यांना ते ऐकू येत नाही, पण समोरच्याला खटकतं. उपाय साधा आहे. ज्या सुरावर पोचायचं तो आधी त्याच्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, दाबून वाजवा. मग दोन फ्रेट मागे येऊन तार ओढा आणि तोच सूर येतो का पाहा. मोबाइलवर तानपुरा लावून हे केलं तर चूक लपतच नाही. एकट्या अनामिकेने ओढू नका, मागे मधलं बोट आणि तर्जनी लावा. जोर मनगटातून येऊ द्या.

पुढची पायरी मींड. तार आधी गुपचूप ओढून ठेवायची, मग पिक मारायचा आणि हळूहळू सोडत खालच्या सुरावर यायचं. पेटीवर हे होत नाही, गिटारवर होतं. ही गिटारची श्रीमंती आहे, ती वापरा.

तारा कोणत्या, असं नेहमी विचारतात. शिकणाऱ्याने ९ किंवा १० नंबरचा सेट लावावा. जाड तारेशिवाय भारी आवाज येत नाही, हा समज सोडा. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे गिटार खालच्या सुरात उतरवली. हेवी मेटलचा तो प्रचंड आवाज या हलक्या तारांतून निघाला.

४. उजव्या हाताकडे कुणी पाहत नाही

सगळ्यांचं लक्ष डाव्या हातावर. आवाज घडतो मात्र उजव्या हातात. एक तार मोकळी सोडा आणि पिक ब्रिजजवळ मारा. आवाज कडक, धारदार. ब्रिज आणि नेकच्या मध्ये मारा, भरीव होतो. नेक संपतो तिथे मारा, गोल आणि मऊ होतो. एकाच तारेवर, एकाच पिकअपवर, एक रुपया खर्च न करता तीन आवाज मिळाले. आता पिक सपाट न मारता जरा तिरपा धरून मारा, चौथा मिळेल. पातळ पिक आणि जाड पिक बदलून पाहा, आणखी फरक पडेल.

गिटारवरची व्हॉल्यूमची बटनं शोभेची नाहीत. ॲम्प्लिफायरवर गेन जरा जास्त ठेवा आणि गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणा. आवाज साफ होतो. सोलो आला की परत दहावर. पायाखाली काही नसताना दोन रंग हातात असतात. माझे अर्धे कार्यक्रम असेच होतात.

५. ताल खंजिरीकडून शिका

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे वऱ्हाडात खंजिरी घरोघर पोचली. त्यांच्या गुरुकुंज मोझरीच्या वाटेवरच्या गावागावांत खंजिरी भजनाची मंडळं आहेत. अशाच एका मंडळाच्या साथीला बसलो असताना तिथले खंजिरीवाले काका मला म्हणाले, "भाऊ, मशीन त तुमची लय भारी हाय, पण ठोका कुठी हाय?"

त्या एका वाक्याने माझं रिदम वाजवणं सुधारलं. काकांचा हात पाहिला. थाप जितकी महत्त्वाची तितकंच थाप दाबणं महत्त्वाचं. थाप पडली की पंजा लगेच चामड्यावर टेकतो, नाद तुटतो आणि त्या तुटण्यातून ठेका उभा राहतो. गिटारवरही तेच. कॉर्ड दाबली, पिक मारला, लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडली. तार फ्रेटवरून उठते पण बोटाखालीच राहते आणि नाद जागच्या जागी थांबतो. केरव्याच्या आठ मात्रांवर उजवा हात खालीवर सतत फिरता ठेवायचा आणि बोटं दाबायची फक्त हव्या त्या मात्रेवर. बाकी मात्रांवर नुसता 'चक' आवाज. मेट्रोनोम चांगलाच आहे, पण तो दाद देत नाही. जवळच्या भजनी मंडळात गुरुवारी जाऊन बसा. ठेका हलला तर तिथल्या म्हाताऱ्यांच्या कपाळावर लगेच आठी पडते.

६. शब्दाला जागा द्या

भीमजयंतीचा मंच ही आमच्या भागातल्या वादकांची मोठी शाळा. १४ एप्रिलपासून पुढे कित्येक रात्री कार्यक्रम. ढोलकी, पॅड, कीबोर्ड, कधी बेंजो आणि त्यात गिटार. इथे गाण्याचा प्राण शब्दांत असतो. वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२–२००४) शाहिरांनी गावोगाव फिरून विचार लोकांपर्यंत नेला तो शब्दांतून. समोर बसलेली आजी ते शब्द ऐकायला आलेली असते, माझी गिटार ऐकायला नाही.

म्हणून गायक गात असताना मी दोन किंवा तीन तारांची लहान कॉर्ड वाजवतो, तीही वरच्या बारीक तारांवर. खालच्या जाड तारांवर ढोलकीचा डग्गा आणि पॅडचा ठोका आधीच बसलेला असतो, तिथे शिरलं की नुसती खिचडी. ओळ संपली आणि दुसरी सुरू व्हायची आहे, तेवढ्या फटीत एक छोटी जागा घ्यायची. ती गायकाच्या शेवटच्या सुरापासून सुरू केली तर लोकांना वाटतं की गाणंच पुढे सरकलं. कमी वाजवणाऱ्याला पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं लवकर येतं, हा माझा अनुभव आहे.

७. खोलीतला आवाज मंडपात टिकत नाही

घरी एकट्याने वाजवताना बास आणि ट्रेबल वाढवून, मधला मिड कमी करून फार गोड वाटतं. तोच आवाज मंडपात नेला की गिटार गायब होते. बास ढोलकी खाते, ट्रेबल झांज खाते. गिटारचं घर मिडमध्ये आहे. म्हणून मंचावर मिड वाढवा, गेन घरच्यापेक्षा कमी ठेवा. घरी जरा कर्कश वाटणारा आवाज दहा वाद्यांत बरोबर बसतो.

दुसरी गोष्ट. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा सोडतच नाही. त्यामुळे डिस्टॉर्शनची खरखर गाळली जाते. मंडपवाल्याचे स्पीकर ती खरखर सगळी बाहेर फेकतात. भोंगा असेल तर बघायलाच नको, बासही जातो आणि मधमाश्यांचं मोहोळ उठतं. तुमच्या प्रोसेसरमध्ये कॅब सिम्युलेशन, म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल, असेल तर मिक्सरला जोडताना ते चालू ठेवा. काहीच नसेल तर टोनचं बटन निम्म्यावर आणा. गिटारची वायर थेट माइकच्या इनपुटमध्ये खुपसू नका. माइकचं इनपुट पिकअपवर ओझं टाकतं आणि आवाज मेल्यासारखा होतो. मध्ये डीआय बॉक्स किंवा निदान एक बफरवालं पेडल हवं.

फाटक्या आवाजाला नावं मात्र ठेवू नका. अमेरिकेच्या लिंक रे याने १९५८ मधल्या 'रंबल'साठी स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली होती. किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये ब्लेडने स्पीकर कापला. तो फाटका आवाज त्यांना गाण्यासाठी हवाच होता. तुम्हालाही हवा असेल तर जरूर घ्या, फक्त मंडपवाल्याचा स्पीकर कापू नका.

८. रेडिओ दुरुस्तीवाल्याशी दोस्ती करा

स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये बाजारात आणणाऱ्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियात फुलरटनला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. इलेक्ट्रिक गिटारची निम्मी गोष्ट अशा दुकानातच घडली. म्हणून गावातला जुना रेडिओ-ॲम्प्लिफायर मेकॅनिक आपला माणूस समजा. सैल जॅक, खरखरणारं बटन, तुटलेलं सोल्डरिंग हे तो चहा पिता पिता करून देतो आणि ते झालं की आवाजात निम्मा फरक पडतो.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. सिंगल कॉइल पिकअप तारेचा कंप पकडतो तसा मंडपातल्या विजेचाही पकडतो. ५० हर्ट्झच्या विजेची ती घूं तिथूनच येते. दिव्यांच्या माळा, डिमर, ट्यूबलाइटचा चोक जवळ असला की वाढते. जागच्या जागी हळूहळू वळून पाहा, एका दिशेला ती घूं कमी होते. मंचावर तसंच उभं राहा. कायमचा उपाय हंबकर. गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन उलट्या कॉइल शेजारी बसवून घूं मारली आणि १९५७ पासून ते पिकअप गिटारींवर आले.

घूं फक्त त्रास देते, अर्थिंग नसेल तर जीव जातो. स्टोन द क्रोज या बँडचा लेस हार्वे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे मंचावर विजेचा धक्का बसून गेला. हातात गिटार आणि समोर अर्थिंग नसलेला माइक. आपल्याकडे जनरेटरवर दोन पिनांची जोडणी सर्रास असते. कार्यक्रमाआधी टेस्टर घ्या, माइकच्या जाळीला लावा, गिटारच्या तारेला लावा. दिवा लागला तर वाजवायचं नाही, कितीही मोठा पाहुणा बसलेला असो. गिटार आणि माइकचा मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, अर्थची पिन कापू नका आणि अनवाणी मंचावर चढू नका.

९. ऊन आणि पाऊस गिटारलाही लागतो

अकोला जिल्ह्यातला मे महिना लाकडाला सोसत नाही. पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडी ठाक. फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बोटाला टोचू लागतात. नेक सरळ होतो, तारा फ्रेटला घासून झणझणतात. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं. लाकूड ओल पितं, नेक वाकतो, तारा उंच जातात आणि बोटं दुखतात. पोरं म्हणतात, गिटार खराब निघाली. गिटार ठीक असते, ऋतू बदललेला असतो.

तपासायचं असं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटचा फ्रेट बोटाने दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट पाहा. पाव मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी हवी. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, एक रात्र जाऊ द्या, मग परत पाहा. नंतर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून घ्या. दाबलेला चढा आला तर ब्रिजवरचं सॅडल मागे सरकवा. उन्हाळ्यात गिटार टिनाच्या खोलीत भिंतीला टांगू नका, केसमध्ये ठेवा. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा पुसा. आमच्या कापसाच्या मुलखात फडक्याची कमी नाही, कंटाळ्याची तेवढी आहे.

१०. खरेदीचा क्रम लिहून ठेवा

पैसे हातात आले तर आधी नव्या तारा. मग सेटअप. मग दोन-तीन जाडीचे पिक आणि एक चांगली वायर, फार लांब नको, कारण लांब वायर ट्रेबल खाते. मग ॲम्प्लिफायर. पेडल सगळ्यात शेवटी.

क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच त्याने 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवलं, हे पुष्कळांना माहीत असतं. त्याच क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने आपली गिटार वडिलांच्या मदतीने १९६३ पासून घरीच बनवली, हे पोरांना सांगावं लागतं. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या. पिकच्या जागी तो सहा पेन्सचं नाणं वापरतो. जगातल्या ओळखीच्या आवाजांपैकी एक असा, घरात सापडलेल्या सामानातून तयार झाला.

तेव्हा मूर्तिजापूरच्या, कारंजाच्या, दर्यापूरच्या पोरांनो, या महिन्यात पेडल घेऊ नका. तारा बदला, मोबाइलवर रोज एक सूर रेकॉर्ड करा, एका गझलगायकाची एक ओळ गिटारवर म्हणून पाहा आणि गुरुवारी भजनाला जाऊन बसा. महिन्याने पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. त्यानंतरही पेडल हवंच वाटलं तर स्टेजजवळ या, नाव सांगतो.